टाकी तेवढी पारोशी ठेवा

सुजाताने शेगडीचं बटण फिरवलं, काडी लावली. नुसतं फुस्स. तिने माझ्याकडे पाहिलं आणि पटकन मान वळवली. मागे तिचे सासरे, आबा, कमरेवर हात ठेवून उभे.

"पावणं, ह्यो खड्डा मुजवून टाकतो बघा. चुलीनं काय घोडं मारलं हुतं?"

मी गोबरगॅसचा फील्ड इंजिनिअर. ऑफिस राजारामपुरीत, फिरती हातकणंगल्याच्या बाजूला. गोबरगॅसचं काम सोपं आहे. शेण पाण्यात कालवून जमिनीतल्या टाकीत सोडायचं. आतले जीवाणू ते खातात, गॅस सोडतात, तो नळीने स्वयंपाकघरात येतो.

हा प्लांट बसल्यापासून सुजाताची फुंकणी सुटली होती. जळण आणणं सुटलं, धुरात डोळे चोळणं सुटलं. वाचलेल्या वेळात काय करता, असं मी तिला एकदा विचारलं होतं. शिवणकाम, जोडधंदा अशी उत्तरं ऑफिसला आवडतात. ती म्हणाली, "काय न्हाय. पायरीवर बसतो. उसावरचं धुकं वर सरकताना बघतो." ते उत्तर मला फार आवडलं. त्यानंतर सकाळी त्या रस्त्याने जाताना माझी गाडी आपोआप हळू व्हायची.

आता नवरात्राचे घट बसले होते आणि गॅसही बसला होता. लाइन तपासली, व्हॉल्व्ह तपासला. शेण कालवायच्या टाकीवर वाकलो तर दवाखान्यासारखा वास. फिनेल!

"हे कुणी ओतलं?"

"मीच," सुजाता चाचरली. "नवरात्राआधी समदं घर धुतलं की. वाकळा, भांडी, गोठा. देवीचा निवद ह्याच गॅसवर शिजणार. मग टाकी तेवढी पारोशी कशी ठेवायची?"

हसावं की रडावं कळेना. फिनेलने जीवाणूच मेले होते.

बॉसना फोन लावला. "वॉरंटीत बसत नाही. कंप्लेंट क्लोज कर."

"सर, ते खड्डा बुजवतील."

"बुजवू दे."

मला रागच आला. फोन ठेवून आबांकडे वळलो. "आबा, दही बिघडलं म्हणून म्हैस विकता का? नवं विरजण लावू."

"दिवाळीपतोर वाट बघतो. मग मुजवणार."

टाकी बरीचशी उपसली. दुसऱ्या गावातल्या चालू प्लांटमधून स्लरी, म्हणजे गॅस देऊन बाहेर पडणारं पातळ शेण, पिंपात भरून आणली. त्यात जिवंत जीवाणू असतात. तेच आमचं विरजण. मग रोज थोडं थोडं शेण. तोवर घरात पुन्हा चूल, आणि सुजाताचे डोळे लालभडक. मी गेलो की ती नुसती टाकीकडे बघायची.

वसुबारसेच्या सकाळी धाकधुकीतच गेलो. उसावर धुकं कापसासारखं पडलेलं. पायरीवर सुजाता. हात मोकळे, नजर लांब. मी आल्याचं तिला कळलंही नाही.

हाक मारणार तोच आतून दबका आवाज आला. "पावणं, हिकडं या." शेगडीवर निळी ज्योत, वर चहाचं पातेलं, आणि हातात चिमटा धरून आबा. जन्मात कधी चुलीपुढे न बसलेला माणूस!

"तिला हाक मारू नगा," ते म्हणाले. "तिचा टाइम हाय त्यो."

चहात साखर जरा जास्तच होती. मी दोन कप प्यालो.

आता प्रत्येक घरी प्लांट सुरू करताना सांगतो: नवरात्रात सगळं धुवा, टाकी तेवढी पारोशी ठेवा. देवी रागावणार नाही.