माहेरचा मासा

भिंगवाल्या बाईंचं अर्धं आयुष्य माशांच्या पेशी बघण्यात गेलं. त्यांचं खरं नाव प्रयोगशाळेत कुणाच्या तोंडी नव्हतंच. काम तसं सरळ. माशाच्या मूत्रपिंडातून रोगाशी लढणाऱ्या पेशी काढायच्या, काचेवर त्यांच्यापुढे यीस्टचे कण टाकायचे आणि त्या खातात का ते बघायचं. या पेशींना बाई 'खादाड' म्हणायच्या. पाणी चांगलं असेल तर खादाड कणांवर तुटून पडतात. पाण्यात विष असेल तर पुढ्यात ताट वाढलेलं असूनही ढिम्म बसून राहतात. मासा बाहेरून कितीही टुकटुकीत दिसो, आतली गोष्ट पेशी सांगतात.

तुलनेला दोन मासे लागत. एक कारखान्याच्या नाल्याखालचा, दुसरा चांगल्या पाण्यातला. हा चांगला मासा बाईंचा थोरला भाऊ आणून द्यायचा. नदीच्या वरच्या वळणावर त्याचं घर, तिथंच त्याचं जाळं. त्याच वळणावर बाई पोहायला शिकल्या, ओंजळीनं पाणी प्यायल्या. त्या पाण्यावर शंका घ्यायचं कुणाच्या डोक्यात येणार! प्रयोगशाळेत त्या बादलीला नावच पडलं, 'माहेरचा मासा'. निकाल दर वेळी एकच: दोन्हींत फरक नाही. दोन्हींकडचे खादाड थोडंफार खायचे. इथल्या माशांची भूकच बेताची, असं सगळ्यांनी धरून टाकलेलं. फरक नाही, म्हणजे नाल्याचं पाणीही ठीक. कारखानेवाले खूश, साहेब खूश.

भावाची मुलगी मात्र सतत आजारी. ताप गेला की खोकला, खोकला गेला की पुन्हा ताप. नुसती काडी झाली होती पोर. "तिला घरचा मासा खाऊ घाल दादा, अंग धरेल," हे बाईंनीच सांगितलेलं. पोरीला मांडीवर घेऊन म्हणायच्या, "खादाड हो गं माझे बाई!"

त्या आठवड्यात पोरीला दवाखान्यात न्यावं लागलं, म्हणून भाऊ आला नाही. काम अडायला नको म्हणून शिपायानं डोंगरावरच्या तळ्यातला मासा आणून दिला. सुट्टीला तो तिकडं गळ टाकून बसायचा. बाईंनी काच भिंगाखाली सरकवली आणि त्यांना वाटलं, आपलंच काहीतरी चुकलं. पेशी कण गिळून गिळून फुगल्या होत्या. एकेकीच्या पोटात नुसती दाटी. पुन्हा नवी काच केली. तेच! धडधाकट माशाचे खादाड बाई आज पहिल्यांदाच बघत होत्या.

मग इतकी वर्षं 'फरक नाही' म्हणजे काय? म्हणजे दोन्ही पाणी सारखंच वाईट. वळणाच्याही वर कोण काय सोडत होतं, देव जाणे. पण मेलं, माहेरचं असलं म्हणून काय झालं, दुसऱ्या कुठल्या पाण्याशी एकदा तरी ताडून बघायला नको होतं?

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढून पुसला. "बाई, दिलेले निकाल आता कोणत्या तोंडानं परत मागायचे?" एवढंच म्हणाले.

बाई तशाच भावाकडे गेल्या. पोर दवाखान्यातून घरी आली होती; वहिनी तिला आत जेवायला घालत होती. ओट्यावर बसून बाईंनी भावाला सांगितलं.

"लोक म्हणायचे गं, पाण्याला वास येतोय," तो म्हणाला. "मी त्यांनाच वेड्यात काढायचो. म्हणायचो, माझी बहीण रोज भिंगातून बघते, तिला कळलं नसतं का?"

त्यानं वळून आत जेवणाऱ्या पोरीकडे पाहिलं.

"मग आता काय करू? पाणी कुठलं आणू? पोरीला घालू काय?"

काय सांगणार कपाळ! डोंगरावरचं तळं ते केवढं, आणि तेही किती दिवस चांगलं राहणार? पोरीचं दुखणं त्या माशामुळंच, असं बाईंना छातीठोक सांगता येत नव्हतं. त्यामुळं नाही, असंही सांगता येत नव्हतं.

तेवढ्यात भिंतीला धरून पोर बाहेर आली. हातातल्या ताटलीत काट्यांशिवाय काही उरलं नव्हतं.

"आत्या, बघ, सगळा मासा संपवला!" ती हसत म्हणाली. "झाले की नाही मी खादाड?"