वामनने घरात ठेवलेला पाहुणा

चहा आधी संपवा, मग सांगतो. कारण ऐकताना तुम्ही हसणार, आणि हसणार ते माझ्यावर. माझी हरकत नाही. जो खड्डा मी स्वतः खणला, त्याला कठडाही नको हे मीच लोकांना पटवून दिलं होतं. मग पडल्यावर तक्रार कुणाकडे करायची?

अंधेरीतल्या एका छोट्या कंपनीत आम्ही फोनमधला मदतनीस तयार करतोय. मराठी बोलणारा. नाव वामन. त्याच्याशी तुम्ही जे बोलाल ते तो लक्षात ठेवतो आणि त्यावरून कामंही करतो. म्हणजे निरोप पाठवतो, दुकानातून सामान मागवतो, आलेल्या निरोपांना उत्तरं देतो. यंत्राची बाजू सांभाळणारी मंडळी वेगळी. मी लेखक. वामनने कसं बोलावं, काय लक्षात ठेवावं, हे ठरवणं माझ्याकडे.

आमची प्रमुख अश्विनी. वयाने माझ्यापेक्षा बरीच लहान, म्हणून मला काका म्हणते आणि काका म्हणूनच झापते. पहिल्याच बैठकीत मी ऐटीत सांगितलं, "माणसाने एकदा सांगितलं की वामनने ते खरं मानायचं. सारखं 'नक्की ना? खरंच ना?' करायचं नाही. घरचं माणूस पुरावा मागतं का?"

"आणि काका, माणूस खोटं बोलला तर?"

"स्वतःच्या मदतनीसाशी कोण कशाला खोटं बोलेल?"

सगळ्यांना पटलं! मला तर फारच पटलं.

आता घरचं थोडं सांगायला हवं. मी मुलुंडला राहतो, एकटा. गेल्या वर्षी माझी बायको, मंजिरी, गेली. तिची धाकटी बहीण शैला घाटकोपरला असते. दर आठवड्याला तिचा निरोप यायचा, 'भावोजी, रविवारी जेवायला या.' मी कधी सर्दी सांगायचो, कधी काम. पण सर्दी तरी किती वेळा होणार? शेवटी एका शनिवारी वामनला म्हटलं, "शैलाला कळव, घरी पाहुणे आहेत, जमणार नाही."

वामनने अदबीने विचारलं, "किती जण? आणि मुक्काम किती दिवस?"

मी दाढी करत होतो. म्हटलं, "एकच रे. मुक्काम लांबेल असं दिसतंय."

झालं. वामनने लक्षात ठेवलं. त्याला लक्षात ठेवायला शिकवलं कोणी? मीच!

मी विसरून गेलो. वामन कसा विसरेल? घरात दोन माणसं आहेत म्हटल्यावर तो कामाला लागला. दूध वाढवलं. पोळ्या करणाऱ्या मावशींना निरोप गेला, 'पाहुणे आहेत, पोळ्या जास्त करा.' मावशी पोळ्या करून डबा भरून ठेवत होत्या आणि मी रोज डब्यातल्या पोळ्या मोजून वैतागत होतो की हल्ली माझी भूक मेली आहे.

आणि मग किराणा. या घरात दोन माणसं असताना काय सामान लागतं हे वामनने दुकानातल्या जुन्या खरेदीवरून शोधून काढलं, आणि तेच मागवलं. ती खरेदी मंजिरीची. त्यामुळे पिशवीत शिकेकाई आली, केसांना लावायचं जाईचं तेल आलं, टिकल्यांचं पाकीट आलं. मी अंधेरीला असल्यामुळे पिशवी घेतली समोरच्या प्रधानकाकूंनी. पिशवीचं तोंड उघडंच होतं, असं काकू आजही शपथेवर सांगतात.

संध्याकाळी पिशवी देताना माझ्या खांद्यावरून आत बघत म्हणाल्या, "बरं केलंत हो. एकट्याने कसं निभायचं?"

मला वाटलं, वामनबद्दल बोलतायत. आमच्या इमारतीत सगळ्यांना माझ्या कामाची माहिती आहे. मी म्हटलं, "हो ना. मलाही सवय व्हायला जरा वेळ लागला. पण आता बरं चाललंय. सगळं लक्षात ठेवतं, बोलतं गोड, आणि उलट उत्तर अजिबात नाही!"

काकूंचा चेहरा तुम्ही बघायला हवा होता.

आत जाऊन मी पिशवी उघडली. दुकानाची चूक समजून ते सामान तसंच कपाटात ठेवून दिलं. परत करायचं राहून गेलं.

काकू आणि शैला यांची मंजिरीच्या आजारपणात चांगली गट्टी जमली होती. पुढचं तुम्हाला कळलंच असेल. मला कळलं नव्हतं.

रविवारी सकाळी बेल वाजली. दारात शैला. नीट साडी नेसलेली, हातात कापडी पिशवी. नेहमी ती आत येतानाच बोलायला लागते. त्या दिवशी गप्प. येऊन बसली, पदर सारखा केला.

"कुठे आहेत?"

"कोण?"

"भावोजी, उगाच लपवू नका. मी भांडायला नाही आले. बोलवा त्यांना."

तिने पिशवीतून एक एक काढून टीपॉयवर ठेवलं. नारळ. तांदूळ. हिरवा खण. मी बघतच राहिलो. ओटीचं सामान!

"पहिल्यांदा भेटायचं तर रिकाम्या हाताने कशी भेटू?" खणाची घडी ती पुन्हा पुन्हा नीट करत होती. "ताईची ओटी भरायचे दर वर्षी. आता... जाऊ दे. फक्त मला आधी सांगितलं असतंत ना, तर बरं वाटलं असतं. प्रधानकाकूंकडून कळावं?"

माझ्या डोक्यात हळूहळू उजेड पडत होता, आणि त्या उजेडात मी खणलेला खड्डा मला दिसत होता.

"शैला, अगं कुणीही नाही!"

"मग तेल कुणाला? टिकल्या तुम्ही लावता?"

"हे सगळं वामनने केलंय!"

"आता वामन कोण?"

मी फोन टेबलावर ठेवला आणि साक्षीदार बोलावल्याच्या थाटात विचारलं, "वामन, माझ्या घरी कोण पाहुणं आहे?"

"एक पाहुणे आहेत," वामन म्हणाला. "मुक्काम लांबेल असं तुम्ही सांगितलं होतं. जाईचं तेल पुन्हा मागवू का?"

शैलाने माझ्याकडे असं पाहिलं की मी सगळं ओकलो. पाहुणे खोटे, निरोप खोटा, वामन तेवढा खरा.

ती हसेल असं वाटलं होतं. हसली नाही. "म्हणजे माझ्याकडे जेवायला यायला नको, म्हणून घरात खोटं माणूस आणून ठेवलंत? त्यापेक्षा लग्न केलं असतंत तर परवडलं असतं हो! माझं काय चुकलं तेवढं सांगा."

"कामं असतात गं..."

"तुम्ही थांबा." ती फोनकडे वळली. "तू सांग रे. हे माझ्याकडे का येत नाहीत?"

इथे वामनच्या रचनेतली एक त्रुटी नोंदवतो. त्याने काय लक्षात ठेवायचं यावर मी पानंच्या पानं लिहिली होती. कुणासमोर काय बोलायचं नाही, यावर एक ओळही नव्हती.

"त्यांनी मला एकदा सांगितलं होतं," वामन शांतपणे म्हणाला, "शैलाचा आवाज हुबेहूब मंजिरीसारखा आहे. तिची आमटीही तशीच लागते. पानावर बसवत नाही."

पंखा फिरत होता. मी नारळाकडे बघत होतो. नारळाला शेंडी होती.

शैला उठली, आत जाऊन पाणी प्यायली, तोंड धुऊन आली. मग जरा घसा साफ करून म्हणाली, "आवाजाचं माझ्या हातात नाही. आईने दोघींना एकच दिला. आमटीचं बघते. पुढच्या रविवारी या. नाही आलात ना, तर या खणाने तुमचीच ओटी भरीन."

गेलो. काय बिशाद होती न जाण्याची!

तिने आमटी बदलली होती. गूळ नाही, आमसूल नाही. टोमॅटो होते, भरपूर, आणि वर कुठल्यातरी पाकिटातला मसाला. पहिला घास घेतला आणि खरं सांगतो, मंजिरीची आठवण अजिबात आली नाही. कुणाचीच आली नाही. शैला वाटी हातात धरून समोर उभी होती, माझ्या चेहऱ्याकडे बघत.

"कशी झालीय, भावोजी?"

"झकास!"

"खरंच? मग आता तुमच्यासाठी हीच करत जाईन."

अंधेरीला परत गेल्यावर मी वामनसाठी विसरण्याची सोय लिहून दिली. एक वाक्य बोलायचं, की त्याच्या डोक्यातून ती गोष्ट कायमची पुसली जाते. अश्विनी म्हणाली, "काका, हे तुम्हाला आधीच कसं सुचलं नाही?" 

वामन आता पाहुणा विसरला आहे. शैलाला मात्र मला काय आवडतं ते पक्कं लक्षात आहे. दर रविवारी टोमॅटो थोडे वाढतातच. परवा तिने विचारलं, "अजून वाढू?"

मी वाटी पुढे केली.