जात्यावरचा पैलवान

आमच्या घरात पैलवान जात्यावर बसला आणि मला कुस्त्यांच्या भर दंगलीत ओव्या म्हणाव्या लागल्या, या दोन्ही गोष्टींचं कारण एकच, माझ्या यजमानांचं संशोधन.

यजमान किन्हीराजाच्या शाळेत मास्तर होते. पोरांकडून उठाबशा काढून घेण्यापलीकडे (त्याही शिक्षा म्हणून!) त्यांचा व्यायामाशी काडीचा संबंध नव्हता. पण एका उन्हाळ्यात त्यांना कवायतीच्या शिबिराला अमरावतीला पाठवलं, आणि तिथे कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवून दिलं की माणसाचे बरेचसे स्नायू जन्मभर झोपलेलेच असतात. ते जागे केले की ताकद आपोआप वाढते म्हणे! परत येताना त्यांच्या पिशवीत सुती दोऱ्याची रिळं होती. मला वाटलं, माझ्या चोळ्यांसाठी आणली. कसलं काय!

त्यांची पद्धत अशी. कच्चा दोरा दंडाला, मांडीला, पोटरीला बेताने बांधायचा आणि माणसाला कामाला लावायचं. स्नायू फुगून दोरा तुटला, तर तो जागा झाला. दोरा शाबूत राहिला, तर तो झोपेत. मग कोणत्या कामाने कोणता स्नायू उठतो, हे शोधत हे दिवसभर घरात दोरे बांधत हिंडायचे. विहिरीवर पोहरा ओढताना मला दोरा, धुणं आपटताना दोरा, सारवताना दोरा. दारात बसलेला भिक्षेकरीसुद्धा यांना पाहून घाईने उठून जायला लागला.

एकदा त्यांनी सासूबाईंच्या जबड्याला दोरा बांधला.

"काऊन रे, मी काय म्हैस हावो काय दोरा बांधाले?" सासूबाई कडाडल्या. "आग लागो तुह्या त्या..."

आग लागेपर्यंतच दोरा टिकला. पुढचं ‘संशोधनाले’ मोकळ्या जबड्याने झालं. यजमान मात्र खूश. "पाह्यलं? आईचा जबडा सगळ्यात जागा!"

आता या सगळ्यात माझा जीव का अडकला होता, ते सांगते. जवळच्या मालेगावात पिठाची चक्की लागली होती, पण सासूबाईंच्या मते चक्कीचं पीठ पोटाला लागत नाही. त्यामुळे घरादाराची ज्वारी पहाटे उठून मी दळायची. एकटीने! मला जाऊ हवी होती. जात्याच्या पलीकडच्या बाजूला बसून खुंटा ओढणारी, धडधाकट, कष्टाळू जाऊ. आणि ती येण्याचा रस्ता धाकट्या दिराच्या, म्हणजे शंकरभाऊजींच्या, लग्नातून जात होता.

शंकरभाऊजी पैलवान. निदान खुराकापुरते तरी नक्कीच. धनजच्या गुलाबरावांची शांता त्यांना सांगून आली होती. गुलाबराव स्वतः जुने कुस्तीगीर. त्यांनी निरोप धाडला, "पोरगा घरात बसवून काय पाह्याचा? नागपंचमीले मालेगावच्या दंगलीत पाहू. लढला तं पोरगी देऊ."

भाऊजी जिंकले तर जाऊ येणार, हरले तर जातं माझ्याच गळ्यात! तेव्हा आमच्या घरात भाऊजींच्या स्नायूंची काळजी त्यांच्यापेक्षा मला जास्त.

मग एका पहाटे आक्रीत घडलं. मी दळत होते. यजमान नेहमीप्रमाणे दोरे बांधून समोर बसले होते. खुंट्याचे काही फेरे झाले नाहीत तोच खांद्याचा दोरा तटकन तुटला, मग दंडाचा, मग पाठीचा. यजमान ओरडले, "अरे शंकर, उठ! जोर-बैठका गेल्या चुलीत! सारी ताकद जात्यात आहे!"

(माझ्या खांद्याचे दोरे तुटतात याचा अर्थ माझा खांदा तुटतो आहे, असा निष्कर्ष कोणत्याही सरळ माणसाने काढला असता. पण यजमान संशोधक होते.)

शंकरभाऊजी डोळे चोळत आले. "दादा, म्या जातं ओढू? तालमीतले पोट्टे हासतीन ना!"

"हासू दे. पाय लांब कर, खुंटा धर."

मनातून मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. पदर सावरून मी म्हटलं, "धरा भाऊजी. शांताबाईचं नाव घ्या न् ओढा."

भाऊजींनी ओढलं. जातं फिरलं, अडलं, कुरकुरलं. पीठ असं जाडं पडलं की त्याला कण्या म्हणावं. भाऊजींनी खुंटा सोडून दिला. "वयनी, हे जमत नाही. तुमी ओढता तं कशी सरसर फिरते!"

"मी गाते ना."

हे तीन शब्द मी का उच्चारले, देवाला ठाऊक! यजमानांचे डोळे चमकले. "मग गा!"

मी गायले. शांताच्या नावाने एक ओवी तिथल्या तिथे रचली. काय नवल, जातं फिरायला लागलं! भाऊजींचा दंड फुगला, दोरा तुटला. मी श्वास घ्यायला थांबले, भाऊजींचा हातही थांबला. पुन्हा गायले, पुन्हा हात चालला. यजमानांनी जाहीर करून टाकलं की गाण्याने स्नायू जागतो आणि गाणं थांबलं की झोपतो.

म्हणजे दळायचं काम माझं गेलं म्हणावं, तर गायचं आलं! पूर्वी मी घरापुरतं दळून उठत होते. आता भाऊजींचे स्नायू पुरते जागे होईस्तोवर घसा फोडत बसायचं. त्यात बातमी गावात फुटली. शेजारणी ज्वारीच्या टोपल्या घेऊन दारात उभ्या. "मास्तरीणबाई, पैलवानाले आमचंही दळू द्या ना, तेवढाच त्याचा व्यायाम!" भाऊजींनी आख्ख्या गल्लीचं दळलं आणि मी आख्ख्या गल्लीचं गायले. माझा आवाज असा बसला की कोंबड्यावाल्याला वाटलं घरात नवा कोंबडा आणला. सासूबाई तेवढ्या समाधानी. बारीक पीठ त्यांना आवडायचं.

नागपंचमी उजाडली. दंगलीला निघण्याआधी स्नायू जागे करायचे म्हणून यजमानांनी जात्याजवळ दोरे मांडले. भाऊजी लंगोट कसून पाय लांब करून बसले. आणि सासूबाई स्वयंपाकघरातून आल्या.

"ह्याच्यापुढे जाऊ नोको मास्तर!"

"काय झालं आई?"

"आज पंचमी आहे. तवा ठेवाचा नाही, विळा धराचा नाही, जातं हालवाचं नाही. नागोबाले लागते. तुह्या शाळेत हे शिकवत नाही काय?"

आषाढ लागल्यापासून आम्ही तिघं रोज पंचमी-पंचमी करत होतो, आणि पंचमीला जातं बंद असतं हे एकाच्याही ध्यानात आलं नव्हतं! सून म्हणून मला तरी आठवायला हवं होतं. पण तेव्हा मी दळत कुठे होते? मी तर गात होते.

"आई, रिकामं फिरवतो. दाना टाकत नाही."

"नागोबाले काय, दाना दिसते काय? नाही म्हंजे नाही!"

यजमान ओसरीत फेऱ्या मारायला लागले. मग थबकले आणि माझ्याकडे पाहिलं. त्यांची ती नजर मी ओळखून होते. "जातं नाही तं नाही," ते म्हणाले. "गानं तं आहे!"

मी कपाळाला हात लावला.

बैलांच्या दमणीत मला आणि सासूबाईंना बसवून मालेगावला नेलं. आखाड्याच्या कडेला बायकांच्या गाड्या सोडलेल्या होत्या. आमच्या दमणीला लागूनच धनजची दमणी. तीत एक उंचनिंच पोरगी बसली होती, ती शांता. आणि पुढे, आखाड्याच्या अगदी काठाशी, भरघोस मिशांचे गुलाबराव!

शंकरभाऊजी अंगभर दोरे बांधून आखाड्यात उतरले. पंचांनी त्यांना निरखून पाहिलं.

"हे दोरे कायचे आहेत? गंडे? मंतरलेले?"

"इज्ञान आहे," भाऊजी म्हणाले.

"काढ ते इज्ञान! इथं अंगावर लंगोटाशिवाय काही चालत नाही!"

यजमान धावत गेले. त्यांनी स्नायू, झोप, जाग सगळं पंचांना समजावलं. पंचांनी सगळं ऐकून घेतलं आणि दोरे ओढून काढले. आता स्नायू जागे आहेत की नाहीत, हे कळायचा मार्गच उरला नाही! यजमान आमच्या दमणीशी येऊन हात जोडून उभे राहिले. "आता सारं तुह्याच गळ्यावर आहे. थांबू नोको, बस्स."

भाऊजींच्या समोर मालेगावचा रहीम पैलवान होता. सलामी झाली. मी दमणीच्या झाकणाआड तोंड लपवून सुरुवात केली. आधी हळू. भाऊजी ढिम्म. "मोठ्यानं!" यजमान दातओठ खाऊन म्हणाले. मी मोठ्याने सूर लावला. भाऊजींच्या अंगात वारं शिरलं! त्यांनी रहीमचा हात खुंट्यासारखा पकडला आणि त्याला गोल गोल फिरवायला सुरुवात केली. लोक अवाक. रहीमचे डोळे फिरले. "अरे भाई, ये कौनसा पेच है?" असं तो विचारत होता आणि फिरत होता.

"जागला! दंड जागला!" यजमान नाचत होते.

शेजारच्या दमणीतून शांता वाकली. "अवो बाई, तुमी आखाड्यात कायले गाता?"

मी दोन ओळींच्या मधे दम घेत सांगितलं, "भाऊजी दळतात न्, मी गाते!"

"दळते? म्हंजे जात्यावर? मानूस?"

"रोज! अख्ख्या गल्लीचं!" आणि मी पुढची ओवी धरली. ओवी शांताचीच होती. त्यात तिच्या बापाचंही नाव मी जुळवून टाकलं होतं. आपलं नाव कानावर पडताच गुलाबरावांनी गर्रकन मान वळवली आणि थेट माझ्याकडे पाहिलं. मिशांसकट! एवढ्या मोठ्या, सोयरिकीच्या माणसासमोर सून तोंड उघडून गाते आहे, या विचाराने मी लाजून चूर झाले. पदर तोंडात कोंबला.

गाणं थांबलं. भाऊजींचा हात थांबला. नुसता थांबला नाही, जात्यावरच्या सवयीने त्यांनी वाकून रहीमच्या पायाशी पीठ चाचपायला हात घातला! रहीमने गरगरत्या डोळ्यांनी त्यांना उचललं आणि चीत केलं. वर बिचाऱ्याने हात देऊन उठवलं. "रुक काऊन गया भाई? तू तो जीत रहा था!"

परतीच्या वाटेवर मला जात्याचा खुंटा डोळ्यांपुढे दिसत होता. जन्मभर, एकटीने.

आणि दोन दिवसांनी गुलाबराव घरी हजर! मला वाटलं, नकार तोंडावर द्यायला आले.

"पोरगा लढला नाही," ते मिशीवरून हात फिरवत म्हणाले. "गरगर फिरला अन् पडला. मले तं पसंत नाही. पन पोरगी हट्टाले पेटली. म्हनते, पैलवान गावोगाव भेटतीन, दळनारा नवरा कुठून आनाल?"

लग्न झालं. मी गावभर पेढे वाटले. जाऊ आली, धडधाकट, कष्टाळू, अगदी मला हवी तशी. पहिल्या पहाटे मी आनंदाने उठून जात्याशी गेले. पलीकडच्या बाजूला भाऊजी पाय लांब करून बसलेले, आणि शांता चुलीशी चहाचं आधण ठेवून आरामात बसलेली.

"हे आमच्या दोघांपुरतं दळतीन, जाऊबाई," ती गोड हसून म्हणाली. "तुमचं तुमी दळा. पन आदी याहिचं होऊ द्या. गा ना, तुमच्याबिगर याहिचा हात चालत नाही."

म्हणजे स्वतःचं दळायचं आणि वर जावेच्या दळणाला गायचं! मी खाली बसले, घसा खाकरला, तोच यजमान दोऱ्याचं रीळ घेऊन आले. "सारी ताकद तुह्या गळ्यात आहे. गळ्याले एक दोरा बांधू दे."

"एक बांधून घेतलाय तुमच्याकडून," मी मंगळसूत्र धरून म्हटलं, "त्याच्यापायीच तं इथं बसून गातेय!"

आणि पहिली ओवी म्हटली.