दुसऱ्या वर्षीचं रान

तिला सगळे तणकाकू म्हणायचे, आणि तिलाही त्याचं वाईट वाटत नसे. कुणाच्या अंगणात गप्पा मारता मारता ती मध्येच उठायची, कोपऱ्यातलं गवत उपटायची आणि वर त्या घरच्यांनाच आनंदाने दाखवायची, "मुळासकट आलं हो." तणाशी तिचं हाडवैर. सकाळी ती डोंगरउतारावरच्या आपल्या तुकड्यात वाकायची, ती उन्हं कलल्यावरच ताठ व्हायची.

तसं डोंगरावर भात पिकवणं सोपं. झाडी तोडायची, वाळली की जाळायची, राखेत बी टोचायचं. पहिल्या वर्षी पीक असं येतं की माणूस स्वतःला फार हुशार समजू लागतो. दुसऱ्या वर्षी त्याच जागी तण माजतं आणि हुशारी उतरते. म्हणून लोक दरवर्षी नवं रान तोडतात. पण ते एकट्याचं काम नव्हे, आणि काकू तर एकटीच. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. गेल्या वर्षी दिराने तिला रान तोडून दिलं, यंदा त्याची कंबर धरली. तेव्हा काकू जुन्याच तुकड्यात तणाशी झुंजत राहिली.

थोरल्या जावेने बजावून ठेवलं होतं, "यंदा तुझं पीक तणाने खाल्लं, तर पुढच्या वर्षी मुकाट्याने आमच्या शेतात यायचं. हौस पुरे झाली." जाऊ मनाची वाईट नव्हती. पण तिच्या शेतात काकूने कुठल्या कोपऱ्यात वाकायचं हेही तीच ठरवायची. काकूला आपला तुकडा हवा होता. हातभर का होईना, पण आपला.

तिचं खुरपं झिजून झिजून चमच्याएवढं झालं होतं. त्यामुळे लोहाराकडे फेऱ्या सुरू झाल्या. लोहार पन्नाशीला टेकलेला, सडाफटिंग आणि बोलण्यात महाकंजूष. काकूच्या खुरप्याला धार लावायला मात्र तो इतका वेळ घ्यायचा की तेवढ्यात दुसऱ्याची कुऱ्हाड घडून झाली असती. एक दिवस मान खाली घालूनच तो म्हणाला, "वहिनी, इतकं झिजतं म्हणजे जमीनच एकदा बघायला हवी."

"या की, लोहारदादा," काकू म्हणाली.

दुसऱ्याच दिवशी भट्टी बंद ठेवून स्वारी हजर. जमीन बघायला कितीसा वेळ लागतो? हा दिवसभर थांबला.

काकूने त्याला खालची पट्टी निंदायला दिली. उपटलेलं तण मुळं वर करून जळक्या बुंध्यांवर टाका, नाहीतर ओल्या मातीत पुन्हा धरतं, एवढं सांगून ती वर गेली. आपण गुणगुणतोय हे तिला बऱ्याच वेळाने कळलं. आपलं वय काय, चाललंय काय, असं तिने स्वतःला दटावलं, आणि पुन्हा गुणगुणू लागली. ती खुशीत होती, अगदी लाज वाटावी इतकी खुशीत.

उन्हं कलताना ती खाली आली आणि बघतच राहिली. पट्टी आरशासारखी लख्ख. मग तिने एक पान चिमटीत धरलं. दुसरं धरलं. तिसरं धरलं आणि मटकन खाली बसली. लोहाराने भात उपटून टाकलं होतं आणि भातासारखं दिसणारं गवत जिवापाड राखलं होतं.

"तुम्ही हे निवडलंत कसं?" तिने विचारलं.

"जे जास्त तरारलेलं दिसलं ते भात धरलं," तो म्हणाला. "तुम्ही एवढ्या राबता, म्हटलं तुमचंच तरारणार."

पाव पीक गेलं होतं. काकूला रडू यायला हवं होतं, पण आलं ते हसू. पदर तोंडात कोंबला तरी आवरेना. लोहार आधी पांढराफटक पडला, मग तिने बुंध्यांवरचं भात दाखवलं तशी चूक कळून तोही हसू लागला. सवय नसल्यामुळे त्याला ते नीट जमत नव्हतं, आणि ते बघून काकू आणखीच हसली.

"बोट द्या इकडे," अखेर डोळे पुसत ती म्हणाली. पान जिथे खोडाला धरतं तिथे भाताला एक पातळ पापुद्रा असतो, या गवताला नसतो. तिने त्याचं राठ बोट धरून तिथून फिरवलं. "लागला?"

"नाही."

"आता?"

"जरासा."

पापुद्रा सापडायला एवढा वेळ कुणालाच लागत नाही.

"अहो, नीट बघा ना," ती म्हणाली, आणि पुढे दादा म्हणायचं राहिलं हे दोघांच्याही एकदमच ध्यानात आलं. मग दोघंही पान फारच बारकाईने बघू लागले.

तेवढ्यात वरच्या शेतातून जाऊ उतरली. तिने पट्टी बघितली, बुंध्यांवर वाळत पडलेलं भात बघितलं आणि कपाळावर हात मारला. "झालं. पुढच्या वर्षी तू आमच्याकडे."

"नाही यायची," काकू म्हणाली. "नवं रान तोडणार आहे. कुऱ्हाडी यांच्या."

लोहाराचे कान लाल झाले. पानावरची नजर न काढता त्याने जोरजोरात मान डोलावली.

जावेने त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "डोळ्यांत तेल घालून तण काढतेस म्हणे. मग हे एवढं थोरलं कसं राहिलं तुझ्या शेतात?"

काकूने पदर कमरेला खोचला. "राहिलं नाही," ती म्हणाली. "ठेवलंय."