न धुतलेलं लुगडं

सत्तरच्या दशकातली गोष्ट. माझी नोकरी कॅनडात होती. बायकोला आई नव्हती, म्हणून तिचं बाळंतपण सोलापुरात माझ्याच आईनं केलं. मुलगी नऊ महिन्यांची झाल्यावर मी दोघींना न्यायला आलो. तोवर ती रोज आईच्या जुन्या इरकली लुगड्याच्या झोळीत झोपत असे.

निघायच्या दिवशी आईनं ती झोळी सोडली आणि लुगड्याची घडी हातातल्या पिशवीत अगदी वर ठेवली. त्याला तेलाचा, दुधाचा, घुटीचा, धुराचा वास येत होता.

"आई, निदान धुऊन तरी द्यायचंस."

"मुद्दाम न्हाय धुतलं. लेकराला वास कळतो. गुमान झोपंल."

"विमानात झोळी कुठं बांधू?"

"बांध म्हटलंय कुणी? अंगाखाली घाल की. तूबी असल्याच लुगड्यात वाढलायस. तवा न्हाय लाज वाटली ती."

बायको हसली, मीही हसलो. पण आईनं नेमकं ओळखलं होतं. मला लाजच वाटत होती. सुटाबुटातल्या माणसांच्या शेजारी बसून मी ते लुगडं कसं उलगडणार होतो? आई दही आणायला आत गेली, तेवढ्यात मी ते पिशवीतून काढलं आणि कोपऱ्यातल्या वळकटीत खुपसलं. मग आईनं माझ्या हातावर दही घातलं. मी ते चाटलं आणि तिच्या पाया पडलो.

विमान वर चढलं तशी मुलगी रडायला लागली. थोडं पाजलं की गप्प व्हायची, पुन्हा सुरू. बायकोनं पिशवी उपसली.

"आईंचं लुगडं कुठंय? वरच होतं."

"घाईत राहिलं असेल," मी म्हणालो.

हवाई सुंदरीनं स्वच्छ, मऊ पांढरं पांघरूण दिलं. मुलीनं त्यात तोंड घुसवलं, काहीतरी शोधल्यासारखं केलं आणि जास्तच रडली. तिला खांद्यावर घेऊन मी खुर्च्यांमधल्या वाटेनं किती तास फिरलो, आठवत नाही. सारखं एकच मनात येत होतं: एव्हाना अंथरुणं घालताना आईनं ती वळकटी सोडली असेल.

शेवटी मुलगी दमून झोपली. झोपेतही हुंदके देत होती.

पोचल्यावर मी पत्र लिहिलं. 'प्रवास छान झाला. बाळ तुझ्या लुगड्यावर गाढ झोपलं.' आईला लिहिता येत नसे. उत्तर धाकट्या बहिणीच्या अक्षरात आलं. 'आई म्हणते, बरं झालं.' लुगड्याचा उल्लेख नव्हता. पुढच्या कुठल्याच पत्रात आला नाही. बाळ झोपतं का, एवढं मात्र ती दर वेळी विचारायची.

चार वर्षांनी आम्ही सोलापूरला आलो. जेवणं झाल्यावर आईनं नातीसाठी गादी घातली आणि तिच्यावर ते लुगडं अंथरलं. आईनं हातानं त्याच्या सुरकुत्या सारख्या केल्या.

"धुतलंय आता," ती म्हणाली.

मुलगी लगेच झोपली. आई भांडी आवरायला गेल्यावर मी गादीशेजारी बसलो, लुगड्याचा काठ नाकाशी धरला. साबणाचा वास आला. तरी मी बराच वेळ तसाच बसून राहिलो.