घाबरत सही करणारे सर

फोन सरांच्या पत्नीचा होता. "रविवारी सकाळी दहाला पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम ठेवलाय, याल ना?" त्या म्हणाल्या, आणि मी दुकानातल्या स्टुलावर बसले. सर गेल्याचं मला चार दिवसांपूर्वीच कळलं होतं. सकाळी ऑफिसला निघताना छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोहोचेपर्यंत सगळं संपलं होतं. त्या दुःखाला मी थोडीफार सरावले होते. पण हा शब्द... दहावं नाही, तेरावं नाही, पुण्यानुमोदन. हा शब्द आमच्या घरात वापरतात, आमच्या लोकांत. म्हणजे सर आमच्यातले, बौद्ध होते. आठ वर्षं ते माझ्या दुकानात येत राहिले आणि मला, पगारेंच्या सुनेला, त्यांनी हे कधी सांगितलं नाही. गावाच्या नावाला 'कर' जोडलेलं त्यांचं आडनाव ऐकून कंपनीत सगळ्यांनी जे गृहीत धरलं होतं, तेच मीही धरलं होतं.

सर एका मिठाई-फरसाणाच्या कंपनीत नाशिक विभागाचे अधिकारी होते. फ्रँचायझी कोणाला द्यायची, याची पहिली शिफारस त्यांची असायची. मी तेव्हा अंबडच्या एका कारखान्यात कँटीन सांभाळत होते. नाशिक रोडला गाळा बघून ठेवला होता आणि अर्ज भरला होता. मुलाखतीत त्यांनी माल, जागा, माणसं सगळं विचारलं, मग अर्जावरचं माझं नाव बराच वेळ वाचत राहिले. मला वाटलं, संपलं. याआधी दोन कंपन्यांनी नाव वाचूनच 'कळवतो' म्हटलं होतं.

"भीती वाटते का?" त्यांनी विचारलं.

"वाटते."

"बरं आहे. मलाही वाटते," असं म्हणून त्यांनी सही केली. सही करताना त्यांचा हात हलत होता. मला वाटलं, काही आजार असेल.

सर घाबरट होते, हे पुढे सगळ्यांनाच माहीत झालं. वरिष्ठांचा फोन आला की उभे राहायचे. बोलता बोलता मागे वळून बघायचे. दुकानात कामाला असलेली आमची मुलं त्यांची नक्कल करायची, आणि मीही हसले आहे, हे आज लिहिताना लाज वाटते.

दुसऱ्या वर्षी गणपतीच्या आधी समोरच्या मोठ्या सोसायटीने मोदकांची ऑर्डर दिली आणि दोन दिवसांत काढून घेतली. सोसायटीच्या ग्रुपवर कोणीतरी माझ्या परवान्याचा फोटो टाकला होता, नावाभोवती लाल गोल करून. खाली एकच ओळ होती, 'प्रसाद कुठून घेतो ते बघा.' त्या दिवसापासून मी काउंटरवर उभी राहिले की नजर दाराकडेच असायची. येणारं प्रत्येक गिऱ्हाईक मला बघायला आलंय असं वाटायचं. यांना म्हटलं, शटर संध्याकाळीच ओढून घेऊ. रात्री काच फुटल्याचा भास व्हायचा. काच कधी फुटली नाही. फुटली असती तर निदान तक्रार तरी करता आली असती.

त्याच आठवड्यात सर आले, शर्ट घामाने भिजलेला. वरून निरोप होता, परवान्यावर आणि काउंटरवर दुसरं नाव असेल तर कंपनीला बरं पडेल. बाईंना विचारून तसा अहवाल पाठवा. "तुमचं काय म्हणणं आहे?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "सर, नाव बदलून दुकान राहणार असेल तर बदला. मला फार भीती वाटतेय."

त्यांनी पाणी मागितलं, अर्धं सांडलं. मग माझ्यासमोरच, मिठाईच्या खोक्यावर कागद ठेवून अहवाल लिहिला. मालाबद्दल तक्रार नाही, स्वच्छतेबद्दल तक्रार नाही, मालक बदलण्याचं कारण दिसत नाही. सही केली आणि कितीतरी वेळ त्या कागदाकडे बघत बसले. "आता माझी चौकशी होईल," म्हणाले. "गावापर्यंत जातील." गावापर्यंत म्हणजे काय, हे मला तेव्हा कळलं नाही. मला वाटलं, शेतीबिती काही भानगड असेल.

गणेश चतुर्थीला सकाळी सातपासून ते गळ्यात कंपनीचं ओळखपत्र घालून माझ्या शेजारी उभे राहिले आणि मोदक बांधून देत राहिले. सोसायटीतून फारसं कोणी आलं नाही. प्रेस कॉलनीतले लोक आले, स्टेशनकडचे आले. पुढच्या वर्षी सोसायटीतली काही घरं आली. काही आजही येत नाहीत.

सरांची बढती मात्र त्यानंतर झाली नाही, मागून आलेले दोघे त्यांच्या वर गेले. तरी त्यांनी शिफारशी करणं थांबवलं नाही. आमच्यासारख्यांना दुकान देऊ नका असं कंपनीच्या कुठल्याच कागदावर नव्हतं, फक्त तशा फाइली ढिगाच्या तळाशी राहायच्या. सर त्या वर काढायचे. नाशिकच्याच वडाळागावच्या रिझवानाला दिलं, पेठकडच्या एका निवृत्त आदिवासी शिक्षकाला दिलं. दरवेळी मला फोन यायचा, "मॅडम, अजून एक फाइल पाठवली. झोप लागत नाहीये."

रविवारी त्यांच्या घरी मी, रिझवाना आणि ते शिक्षक, आम्ही तिघंही शेजारी बसलो होतो. वंदना झाल्यावर मी सरांच्या पत्नीला विचारलं, मला तरी का नाही सांगितलं?

"मी म्हणायचे, सांगा त्यांना," त्या म्हणाल्या. "तर म्हणायचे, ती आधीच स्वतःसाठी घाबरते. आता माझ्यासाठीही घाबरेल."

हा लेख लिहू का, असंही विचारलं.  त्या म्हणाल्या, "लिहा. पण आडनाव नको. मुलगी त्याच नावावर नोकरीला आहे."

सरांची एक सवय होती. गुरुवारी तपासणीला आले की लगेच दुकानात यायचे नाहीत. रस्त्यापलीकडे मेडिकलच्या पायरीजवळ पाच-दहा मिनिटं फाइल छातीशी धरून उभे राहायचे. मला वाटायचं, लांबून दुकान तपासतायत, म्हणून मी घाईघाईने काच पुसायला घ्यायचे. आता वाटतं, ते धीर गोळा करत असावेत... गेल्या गुरुवारी चारच्या सुमाराला नवे अधिकारी आले. थेट रस्ता ओलांडून, कुठेही न थांबता.  त्यांच्याशी बोलताना माझी नजर मात्र पुन्हा पुन्हा त्यांच्या खांद्यावरून पलीकडच्या पायरीकडे जात होती.