आमच्या वाडीचा चौकोन

पुण्यात मी ज्या कंपनीत काम करते, तिचं अ‍ॅप लोकांना जवळचा दवाखाना, पेट्रोल पंप, बसथांबा दाखवतं. त्यासाठी लाखो फोन आपापली जागा आम्हाला कळवत असतात. एवढं ओझं ऑफिसातल्या यंत्रांना कुठलं झेपायला! ते सगळं क्लाउडवर, म्हणजे भाड्याने घेतलेल्या दूरच्या सर्व्हरांवर राहतं. आम्ही नकाशाचे चौकोन पाडतो आणि प्रत्येक चौकोनातले ठिपके वेगळ्या कप्प्यात ठेवतो, म्हणजे शोधायला वेळ लागत नाही.

महाडचे चौकोन भरलेले. बिरवाडीत कारखान्यांची पाळी सुटली की ठिपक्यांची नुसती झुंबड. पोलादपूरच्या वर, डोंगरातल्या आमच्या वाडीच्या चौकोनात मात्र एकच ठिपका, माझ्या आईचा. अर्धी वाडी मुंबईला, उरलेल्यांकडे साधे फोन. चाचणीसाठी म्हणून आईच्या फोनवर अ‍ॅप मीच टाकलं होतं. चाचणी-बिचणी कसली, मला ती दिसायला हवी होती.

आणि दिसायचं काय, तर फणस! वाडीत रेंज येते ती त्या एका फणसाखाली. म्हणून सगळे फोन पिशवीत घालून त्याच्या फांद्यांना टांगतात. वाजला की जवळ असेल तो हाक मारतो. मी चिडायचे, "अगो आई, फोन जवळ ठेवायचा असतो!"

"तिकडं टांगलाय म्हणून तरी तुजा आवाज कानी पडतो गो," ती म्हणायची.

गेल्या वर्षी आई गेली. दिवसकार्य उरकून मी कामावर परतले, पण कशात म्हणून लक्ष लागेना. शेवटी एका दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, तिच्या खात्यातले सगळे ठिपके मागवले. ती शेतावर कुठल्या वाटेनं जायची, झऱ्यावर किती वेळ टेकायची, काहीतरी दिसावं, एवढीच हाव. वेडेपणाच तो. फोन फणसाला असायचा हे मला ठाऊक नव्हतं का? पडद्यावर फणसच आला. महिनोन्‌महिने फणस. मला रडू फुटलं आणि आईचा रागही आला.

बंद करणार, तोच रेषा दिसल्या. चार. फणसापासून निघून उतारानं खाली, महाडहून येणारी एसटी थांबते त्या फाट्यापर्यंत; तिथंही रेंज असते. चारही दिवस फोन सकाळपासून फाट्यावर, आणि अंधार पडल्यावर परत वर.

तारखा पाहिल्या. एक शिमग्याची, एक गौरींची, दोन अशाच. मी "येते" म्हणून कळवलेले दिवस. चारही वेळा काम निघालं होतं. चारही वेळा मी संध्याकाळी फोन केला होता. तिनं तो पहिल्याच रिंगला उचलला होता आणि म्हणाली होती, "मी कुठं वाट बघते गो? घरातच हाय मी. तू तुजं काम कर."